किती जणांपैकी किती, आणि कशाच्या तुलनेत?

नव्या वैद्यकीय संशोधनाची बातमी घरात येते ती बहुधा एखाद्या टक्केवारीचे बोट धरून. अमुक गोळीने रक्तस्रावाचा धोका ३८ टक्क्यांनी वाढतो. तमुक लशीने स्मृतिभ्रंश २० टक्क्यांनी कमी होतो. नव्या औषधाने अल्झायमरचा वेग २७ टक्क्यांनी मंदावतो. वाचणारी व्यक्ती सत्तरीच्या पुढची असेल, किंवा अशा व्यक्तीची शुश्रूषा करणारी असेल, तर हे आकडे नुसती माहिती म्हणून राहत नाहीत. त्यांच्यावरून रोजची गोळी बंद केली जाते, मुदत ठेव मोडली जाते, आणि कधी कधी महिनाभराची झोप उडते.

वाचकहो, वर दिलेले तिन्ही आकडे खरे आहेत. नामांकित नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतूनच ते घेतले आहेत. तरीही तेवढ्यावर निर्णय घेणे धोक्याचे आहे. गेल्या काही वर्षांत गणित, मानसशास्त्र, संगणकशास्त्र आणि वैद्यक या चार क्षेत्रांत झालेल्या कामातून एक गोष्ट वारंवार पुढे आली आहे. आरोग्याविषयीच्या कोणत्याही आकड्याला दोन प्रश्न विचारल्याखेरीज त्याचा अर्थ लागत नाही. किती जणांपैकी किती? आणि कशाच्या तुलनेत? हे प्रश्न विचारण्यासाठी उच्च गणित येण्याची गरज नाही. बाजारात हिशेब करणाऱ्या कोणालाही ते विचारता येतात.

'दुप्पट' म्हणजे कशाच्या दुप्पट?

प्रथम एक जुने उदाहरण पाहू, कारण त्याची किंमत किती मोजावी लागली ते नोंदलेले आहे. ऑक्टोबर १९९५मध्ये ब्रिटनमधील औषध सुरक्षा समितीने एक इशारा प्रसृत केला. संततिनियमनाच्या नव्या पिढीच्या गोळ्यांमुळे रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, म्हणजे १०० टक्क्यांनी वाढतो, असे त्यात म्हटले होते. बातमी घरोघर पोहोचली आणि असंख्य स्त्रियांनी घाबरून गोळ्या बंद केल्या.

मूळ अभ्यासांतील हिशेब असा होता : जुन्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० स्त्रियांपैकी साधारण एकीला गुठळी होत असे, नव्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० पैकी दोघींना. एकाचे दोन झाले, म्हणून 'दुप्पट' हा शब्द चुकीचा नव्हता. परंतु वाढ होती ७,००० मध्ये एकीची. त्या भीतीपायी पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३,००० जादा गर्भपात झाले. शिवाय गर्भारपणात गुठळी होण्याचा धोका त्या गोळ्यांच्या धोक्याहून अधिक असतो, ही गोष्ट त्या गडबडीत मागेच पडली.

गणिताच्या भाषेत पहिल्या प्रकारच्या आकड्याला सापेक्ष धोका आणि दुसऱ्याला निरपेक्ष धोका म्हणतात. आपण एवढेच लक्षात ठेवावे, की 'दुप्पट', 'निम्मा', 'इतके टक्के जास्त' हे शब्द मूळ रक्कम सांगत नाहीत. एक रुपया दुप्पट झाला तर दोन रुपये होतात, लाख रुपये दुप्पट झाले तर दोन लाख; मथळ्यात मात्र दोन्ही ठिकाणी 'दुप्पट' हाच शब्द येतो.

रक्त पातळ ठेवणारी गोळी

आता पहिला आकडा घेऊ, कारण त्याचा संबंध आपल्यापैकी अनेकांच्या औषधांच्या डबीशी आहे. हृदयविकार टाळण्यासाठी रोज अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी घ्यावी, असा सल्ला बरीच वर्षे सर्रास दिला जात असे. निरोगी वृद्धांना तिचा खरोखर उपयोग होतो का, हे तपासण्यासाठी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत १९,११४ ज्येष्ठांचा अभ्यास झाला. बहुतेकांचे वय ७० किंवा त्याहून अधिक होते. कोणालाही हृदयविकार, पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंश नव्हता. निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी देण्यात आली. कोणाला कोणती गोळी मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले होते. साधारण पावणेपाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१८मध्ये प्रसिद्ध झाले.

अपंगत्व व स्मृतिभ्रंश यांवाचून जगण्याचा काळ अ‍ॅस्पिरिनने वाढला नाही. हृदयविकार व पक्षाघात यांच्या प्रमाणातही लक्षणीय फरक पडला नाही. गंभीर रक्तस्राव मात्र वाढला. औषधविरहित गोळी घेणाऱ्या १,००० पैकी सुमारे २८ जणांना तो झाला, आणि अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या १,००० पैकी सुमारे ३८ जणांना. '३८ टक्क्यांनी वाढलेला धोका' तो हाच. दर हजारात दहा जण जादा. फायदा काहीच नसेल, तर हे दहा जणसुद्धा फार झाले. म्हणूनच २०२२मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिदलाने असा सल्ला दिला, की हृदयविकार नसलेल्या साठीपुढील व्यक्तींनी केवळ प्रतिबंधासाठी अ‍ॅस्पिरिन नव्याने सुरू करू नये.

इथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ज्यांना पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला आहे किंवा ज्यांना रक्त अडल्यामुळे पक्षाघात झाला होता, असे लोक या अभ्यासात नव्हतेच. त्यांच्यासाठी हिशेब वेगळा आहे. त्यांनी अशी बातमी वाचून गोळी थांबवली तर ते जिवावर बेतू शकते. 'किती जणांपैकी' असे विचारताना 'कोणत्या जणांपैकी' हेही विचारायचे, ते याचसाठी.

खोटा इशारा आणि खरा आजार

चाचणीचा अहवाल 'पॉझिटिव्ह' आला की घरात शोककळा पसरते. परंतु चाचणी आणि आजार यांच्यामध्ये एक गणित उभे असते. ते थॉमस बेज या इंग्रज धर्मोपदेशकाच्या निबंधातून पुढे आले. तो निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३मध्ये छापला गेला. हे गणित डॉक्टरांनाही अवघड का जाते, याचा शोध जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांनी घेतला.

२००७मध्ये एका प्रशिक्षण वर्गात त्यांनी १६० स्त्रीरोगतज्ज्ञांना एक उदाहरण घातले. समजा, एखाद्या वयोगटातील १०० पैकी एका स्त्रीला स्तनाचा कर्करोग आहे. कर्करोग असलेल्या स्त्रियांपैकी ९० टक्के मॅमोग्राफीत सापडतात. कर्करोग नसलेल्यांपैकीही ९ टक्के स्त्रियांचा अहवाल चुकून पॉझिटिव्ह येतो. आता एका स्त्रीचा अहवाल पॉझिटिव्ह आला आहे. तिला खरोखर कर्करोग असण्याची शक्यता किती? निम्म्याहून अधिक तज्ज्ञांनी ती दहात आठ किंवा नऊ इतकी मोठी मानली. बरोबर उत्तर देणारे २१ टक्के होते.

हेच आता माणसे मोजून करू. १,००० स्त्रिया घ्या. त्यांतील १० जणींना कर्करोग आहे. त्यांपैकी ९ जणींचा अहवाल पॉझिटिव्ह येईल. उरलेल्या ९९० जणींना कर्करोग नाही. तरी त्यांपैकी सुमारे ८९ जणींचा अहवाल पॉझिटिव्ह येईल. म्हणजे एकूण ९८ पॉझिटिव्ह अहवालांपैकी खरा आजार ९ जणींना, दहात साधारण एकीला. टक्केवारी बाजूला ठेवून माणसे मोजायला शिकवल्यावर त्याच तज्ज्ञांपैकी ८७ टक्क्यांनी उत्तर बरोबर दिले. त्यांची बुद्धी तासाभरात वाढली नव्हती. प्रश्न मांडण्याची रीत बदलली होती.

याचा अर्थ अहवालाकडे दुर्लक्ष करावे असा मुळीच नाही. पॉझिटिव्ह अहवालानंतरची पुढची तपासणी वेळेवर करून घ्यावी. मात्र ती होईपर्यंत आजार ठरलाच, असे धरून चालू नये.

यंत्राच्या नजरेने

या मोजणीत आता संगणकही उतरला आहे. स्वीडनमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या सामूहिक तपासणीत नेहमीच्या पद्धतीनुसार मॅमोग्राफी दोन तज्ज्ञ स्वतंत्रपणे पाहतात. तेथे ८०,००० हून अधिक स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. एका गटाची चित्रे नेहमीप्रमाणे दोन तज्ज्ञांनी पाहिली. दुसऱ्या गटाची चित्रे प्रथम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने चाळली आणि जोखमीनुसार गुण दिले. कमी जोखमीची चित्रे मग एका तज्ज्ञाने पाहिली, सर्वांत जास्त जोखमीची दोघांनी.

२०२३मध्ये आलेल्या पहिल्या निष्कर्षांनुसार प्रणालीची मदत घेतलेल्या गटात २४४ कर्करोग सापडले, नेहमीच्या पद्धतीत २०३. मथळ्यासाठी हे 'पाचव्या हिश्श्याने जास्त' ठरते. माणसांत मोजले तर दर हजारात पाचऐवजी सहा. तज्ज्ञांचे चित्रे पाहण्याचे काम ४४ टक्क्यांनी घटले आणि खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, दीड टक्का राहिले. तरीही बेजचे गणित सुटले नाही. प्रणालीच्या गटात पुढील तपासणीसाठी ८६१ जणींना बोलावले गेले. त्यांतील २४४ जणींना कर्करोग निघाला आणि सहाशेहून अधिक निर्धास्त होऊन घरी परतल्या. यंत्र कितीही तल्लख झाले, तरी विरळ आजार शोधताना खोटे इशारे येणारच. शिवाय जास्त गाठी सापडल्या म्हणजे तेवढेच जीव वाचले असेही नाही. काही गाठी इतक्या संथ वाढतात, की त्या आयुष्यभर त्रास देत नाहीत.

पत्रक वाचून सुरू होणारे दुखणे

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू : कशाच्या तुलनेत? कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनी अंग दुखते, थकवा येतो, अशी तक्रार अनेक जण करतात आणि गोळी सोडून देतात. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील संशोधकांनी अशाच ६० जणांना एक वर्षाच्या प्रयोगात घेतले. प्रत्येकाला १२ बाटल्या दिल्या, महिन्याला एक. चार बाटल्यांत स्टॅटिन होते, चारमध्ये तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि चार बाटल्या रिकाम्या. गोळ्यांपैकी खरी कोणती हे त्यांना कळत नव्हते. रोज त्यांनी आपल्या त्रासाला ० ते १०० मध्ये गुण द्यायचे.

गोळी नसलेल्या महिन्यांत त्रासाची सरासरी ८ होती. स्टॅटिनच्या महिन्यांत ती १६.३ झाली. आणि औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांत? १५.४. गोळीमुळे जेवढा त्रास वाढला, त्यातील सुमारे ९० टक्के वाढ औषध नसलेल्या गोळीनेही झाली होती. २०२०मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

हे वाचून घरातल्या वडीलधाऱ्यांना 'तुमचे दुखणे मनाचे आहे' असे कृपा करून ऐकवू नका. त्या ६० जणांचे दुखणे खरे होते. अपायाची अपेक्षा मनात असली की शरीर खरोखर दुखते. वैद्यकात याला नोसिबो परिणाम म्हणतात. काही थोड्या रुग्णांना स्टॅटिनने स्नायूंचा खरा अपायही होतो, म्हणून तीव्र दुखणे किंवा गडद रंगाची लघवी दिसल्यास डॉक्टरांना त्वरित सांगावे. परंतु या प्रयोगाचा सर्वांत आशादायक भाग पुढेच आहे. प्रत्येकाला स्वतःच्या वर्षभराच्या नोंदी दाखवण्यात आल्या, आणि सहा महिन्यांनंतर ६० पैकी ३० जण पुन्हा स्टॅटिन घेऊ लागले होते. त्यांचे मन उपदेशाने वळले नव्हते, स्वतःच्याच मोजणीने वळले होते.

नागिणीची लस आणि स्मरणशक्ती

नागीण हा आजार आपल्याकडे चांगलाच परिचित आहे. तिचे तोंड शेपटीला मिळून वेटोळे पूर्ण झाले की माणूस दगावतो, ही समजूत निराधार आहे. लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत सुप्त राहतो आणि वय वाढल्यावर पुन्हा उसळतो, ती ही नागीण. तिच्यावर लस आहे. ती घेणाऱ्यांना स्मृतिभ्रंश कमी होतो असे पूर्वीही दिसले होते. पण त्यावर विश्वास ठेवणे कठीण होते. लस घेणारे लोक एरवीही प्रकृतीची अधिक काळजी घेतात, फिरायला जातात, तपासण्या करतात. मग गुण लशीचा की सवयींचा?

वेल्समधील एका सरकारी नियमामुळे हा पेच सुटायला मदत झाली. तेथे १ सप्टेंबर २०१३ रोजी लसीकरण सुरू झाले, तेव्हा २ सप्टेंबर १९३३पूर्वी जन्मलेल्यांना ही लस कधीच मिळणार नाही, असे ठरले. त्या दिवशी वा नंतर जन्मलेले पात्र ठरले. या तारखेच्या आठवडाभर आधी आणि आठवडाभर नंतर जन्मलेल्या माणसांत असा काय फरक असणार? वय तेच, सवयी त्याच. वेगळी होती ती लस मिळण्याची संधी. नियमाने जणू आपोआपच चिठ्ठ्या टाकल्या होत्या. एप्रिल २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सात वर्षांत लस घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे निदान १०० जणांमागे साडेतीनने कमी आढळले. सुरुवातीला पाहिलेले '२० टक्के' ते हेच.

तुलना इतकी चोख असल्यामुळे हा निष्कर्ष वजनदार ठरतो. तरी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. हा साडेतीनचा आकडा अंदाज आहे. गणिताने दिलेली त्याची मर्यादा एकापेक्षाही कमी ते सात इतकी रुंद आहे. आणि तेथे वापरलेली लस जुन्या पद्धतीची, जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची होती; आता अनेक ठिकाणी वेगळ्या प्रकारची लस मिळते. नागिणीच्या यातना टाळण्यासाठी लस घेण्याचा विचार डॉक्टरांशी अवश्य बोलावा. स्मरणशक्तीचे रक्षण हा तिचा संभाव्य जादा लाभ समजावा.

ठेव मोडण्यापूर्वी

राहिला तिसरा आकडा. लेकॅनेमॅब हे अल्झायमरच्या सुरुवातीच्या अवस्थेतील औषध १,७९५ रुग्णांवर १८ महिने तपासले गेले. आजाराची तीव्रता ० ते १८ गुणांत मोजतात. गुण जितके अधिक, तितका आजार बळावलेला. औषध न मिळालेल्यांची प्रकृती सरासरी १.६६ गुणांनी ढासळली, औषध मिळालेल्यांची १.२१ गुणांनी. फरक ०.४५ गुणांचा. मंदावलेला वेग २७ टक्के, हे खरे. आणि १८ गुणांच्या पट्टीवर अर्ध्याहूनही कमी गुण, हेही खरे. आजार दोन्ही गटांत वाढतच गेला. घरच्या माणसाला हा फरक जाणवेल का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत.

दुसऱ्या पारड्यातही काही आहे. या चाचणीत औषध दर दोन आठवड्यांनी शिरेतून दिले जात होते. मेंदूला सूज आल्याची चिन्हे औषध घेणाऱ्या १०० पैकी साधारण १३ जणांच्या एमआरआयमध्ये दिसली, इतरांत १०० पैकी दोघांत. बहुतेकांना त्याचा त्रास जाणवला नाही, पण त्यामुळे वारंवार एमआरआय करणे अनिवार्य ठरते. अशा औषधाविषयी कळल्यावर आपल्या आईसाठी किंवा यजमानांसाठी काहीही करायला मन तयार होते. ती माया योग्यच आहे. परंतु तिच्यावर '२७ टक्के' या एका आकड्याचे ओझे टाकू नये. काही कुटुंबे सगळा हिशेब पाहूनही औषध निवडतील. काही तोच पैसा चांगल्या मदतनिसावर आणि शुश्रूषा करणाऱ्याच्या विश्रांतीवर खर्च करतील. दोन्ही निर्णय विचारपूर्वक घेतलेले असू शकतात.

पुढच्या तपासणीच्या वेळी

बातमी वाचल्यावर सुरू असलेली गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नये आणि नवी सुरूही करू नये. कात्रण औषधांच्या फाइलमध्ये ठेवावे आणि पुढच्या भेटीत बरोबर न्यावे. डॉक्टरांच्या खोलीत शिरल्यावर विचारायचे विसरते, म्हणून प्रश्न मोठ्या अक्षरांत आधीच लिहून ठेवावेत :

माझ्यासारख्या १०० जणांनी हे औषध घेतले, तर किती जणांचा फायदा होईल?

त्याच १०० जणांनी ते घेतले नाही, तर किती जणांना तो त्रास होईल?

औषधाचा अपाय १०० पैकी किती जणांना होतो, आणि तो कोणत्या लक्षणांनी ओळखावा?

ज्यांच्यावर अभ्यास झाला, ते माझ्या वयाचे होते का आणि त्यांना माझे आजार होते का?

प्रत्येक प्रश्नाचे नेमके उत्तर प्रत्येक वेळी मिळेल असे नाही. सर्व औषधांचे असे हिशेब उपलब्ध नसतात. परंतु प्रश्न विचारल्याने संभाषणाची दिशा बदलते. सोबत आलेल्या मुलाने किंवा सुनेने उत्तरे लिहून घ्यावीत आणि घरी आल्यावर ती वडिलांना वा आईंना सावकाश वाचून दाखवावीत. औषध ज्यांना घ्यायचे आहे, त्यांना तो हिशेब कळायलाच हवा.